द्वारकाजवळचे वायरिंगवाले चाचा : ऑक्सिजन सेन्सरचा कुठला कनेक्टर कुठे, हे ओळखून देणारं दुकान

सरळच सांगते. गाडी पेट्रोल आहे, चेक इंजिनचा लाईट लागलाय, कोणीतरी स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर गेलाय किंवा कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा डबा) गेलंय असं सांगितलंय आणि तुम्ही नाशिकमध्ये आहात, तर पार्टची ऑर्डर द्यायच्या आधी एकदा द्वारकाच्या या चाचांकडे गाडी दाखवा. द्वारका सर्कलकडून सारडा सर्कलच्या बाजूला यायला लागलं की आतल्या गल्लीत टायरवाल्याच्या शेजारी अर्धं शटर आहे तेच दुकान, बोर्ड नाही, आणि चाचांना नाव-नंबर नेटवर नकोय म्हणून मी पण टाकत नाही, तिथे कोणालाही वायरिंगवाले चाचा कुठे बसतात असं विचारलं की बोट दाखवतात.

आता एवढं लिहायला का बसले ते सांगते. मी अंबडला वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींचा कनेक्टरसकट जुडगा) लाईनवर इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर कनेक्टर, टर्मिनल, सील, क्रिंप हेच बघते, त्यामुळे कोण कनेक्टर कसा हाताळतो हे मला लगेच दिसतं आणि खरं सांगते बहुतेक गॅरेजमध्ये बघवत नाही. लॉक न दाबता ओढणार, वायरला धरून ओढणार, टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या इन्सुलेशनमधून घुसवणार आणि त्या भोकातून पावसाळ्यात पाणी जाणार. या दुकानात असलं काही दिसलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

माझी केस अशी. गाडी २०१८ ची, बीएस४, चार सिलिंडर पेट्रोल. क्लच प्लेट बदलायला दुसऱ्या एका गॅरेजला दिली होती, क्लचचं काम चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही, पण गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत चेक इंजिन लागला, सिग्नलला उभी राहिली की आरपीएम वर-खाली, मागून पेट्रोलचा वास, आणि ॲव्हरेज सोळावरून बारावर. ऑफिसमध्ये ज्याला सांगितलं तो म्हणे आता ई२० पेट्रोल आहे ना, सगळ्यांचंच ॲव्हरेज पडलंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एनर्जी कमी असते त्यामुळे थोडा फरक पडतोच, ते मान्य, पण लिटरमागे चार किलोमीटर एकदम क्लचच्या कामानंतरच कसे गेले? त्याच गॅरेजला परत नेली तर त्यांनी स्कॅन करून दोन कोड दाखवले, पी०१३३ आणि पी०४२०. पहिला म्हणजे पुढचा सेन्सर स्लो झालाय आणि दुसरा म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नाहीये. एस्टिमेट आलं कॅटकॉन प्लस सेन्सर, चाळीस हजारांच्या वर. स्कॅनरने जे दाखवलं तेच त्यांनी वाचून सांगितलं, खोटं कोणी बोललं नाही, पण कोड हा पार्टचं नाव सांगत नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, काय दिसलं एवढंच सांगतो, आणि ईसीयूला जे दिसतं ते कुठल्या वायरीतून येतंय हे बघणं हे वेगळं काम आहे. ते काम हे चाचा करतात.

ज्यांना हे सेन्सर काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनमधून जळालेला धूर बाहेर पडतो त्यात ऑक्सिजन किती उरलाय हे मोजणारा सेन्सर सायलेन्सरच्या पाईपमध्ये बसवलेला असतो, त्यावरून ईसीयू ठरवतो की पेट्रोल वाढवायचं का कमी करायचं. बॉशने हा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा प्रॉडक्शनमध्ये आणला, लॅम्ब्डा सेन्सर म्हणतात तो हाच. आपल्या सातपूरच्या बॉशमध्ये डिझेलचे इंजेक्टर बनतात त्यामुळे नाशिककरांना बॉश म्हटलं की डिझेलच आठवतं, पण पेट्रोल गाडीतलं हे त्यांचं मोठं काम. आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं, ते साधारण तीनशे-साडेतीनशे डिग्रीला तापलं की मगच काम करतं, म्हणून आत हीटर दिलेला असतो. मिक्श्चर रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त, तर सेन्सर ०.८-०.९ व्होल्ट देतो, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. आजकालच्या साध्या चार सिलिंडर गाडीत असे दोन असतात, एक कॅटकॉनच्या आधी, तो पुढचा, आणि एक कॅटकॉनच्या नंतर, तो मागचा. पुढचा मिक्श्चर सांभाळतो, मागचा मुख्यतः कॅटकॉनवर लक्ष ठेवतो. दोघांची कामं वेगळी पण कनेक्टर बऱ्याचदा एकाच ठिकाणी आणलेले असतात, गिअरबॉक्सच्या वर ब्रॅकेटवर, आणि क्लच काढायचा तर ते दोन्ही सोडवावे लागतात. इथेच सगळं घडतं.

चाचांकडे गेले तेव्हा त्यांनी स्कॅनरला हात लावला नाही. पहिला प्रश्न, "ताई, गाडीवर शेवटचं काम काय झालं?" क्लच म्हटल्यावर मान हलवली, पोराला सांगितलं बोनेट उघड आणि एअर फिल्टरचा डबा काढ. मग म्हणाले आता कनेक्टर बघू नका, सेन्सर बघा. मला हे फार आवडलं कारण आमच्या लाईनवर पण हाच नियम आहे, वायर नेहमी पार्टकडून कनेक्टरकडे ट्रेस करायची, कनेक्टर बघून पार्टचा अंदाज लावायचा नाही. मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पहिल्या पाईपला, जिथे पुढचा सेन्सर बसलाय तिथे टॉर्च मारली, त्याच्या वायरीला बोटाने हलकं हलवत वर आणलं, कुठल्या कनेक्टरला जाते ते बघितलं आणि त्याला पिवळ्या पेंटचा ठिपका दिला. मग गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावून खालून मागच्या सेन्सरची वायर पकडली, ती वर आणली, त्या कनेक्टरला पांढरा ठिपका. माझ्या गाडीत दोन्ही कनेक्टर चार पिनचे, दोन्ही राखाडी, लॉकची जागा सेम, हातात घेतले तर फरक कळत नाही. काही कंपन्या दोन्हीचा रंग वेगळा ठेवतात किंवा आतली खाच वेगळी ठेवतात म्हणजे चुकीचा बसूच शकत नाही, आणि सगळ्यांनीच तसं करायला पाहिजे, एका प्लॅस्टिकच्या खाचेने हा सगळा प्रकार टळतो. असो.

आता इथून पुढे जे केलं ते जरा डिटेलमध्ये लिहिते कारण ज्यांना स्वतः बघायचंय त्यांच्या कामाचं आहे.

सेन्सरच्या बाजूच्या वायरी आणि गाडीच्या बाजूच्या वायरी यांचे रंग जुळवायला जाऊ नका, चाचांनी हे दोनदा सांगितलं. सेन्सरकडचे रंग सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचे असतात, हार्नेसकडचे रंग गाडीच्या कंपनीचे, मधे कनेक्टरमध्ये पिनला पिन भेटते, रंगाला रंग नाही. सेन्सरकडे चार वायरी असतील तर ज्या दोन एकाच रंगाच्या त्या जवळपास नेहमी हीटरच्या. बॉशच्या सेन्सरला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलची ग्राउंड. डेन्सोच्या सेन्सरला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. म्हणजे बघा, काळी वायर एका कंपनीत सिग्नल आहे आणि दुसऱ्या कंपनीत हीटर, आणि युनिव्हर्सल सेन्सर आणून जुना कनेक्टर कापून रंगाला रंग जोडणारे फिटर आहेत, त्यांनी सिग्नलच्या जागी बारा व्होल्ट दिले तर सेन्सर तर जातोच पण ईसीयूपर्यंत धोका पोचतो. चाचा रंगावर विश्वास ठेवतच नाहीत, मल्टीमीटर लावतात. कनेक्टर सोडवला, सेन्सरच्या बाजूने दोन पिनांमध्ये ओहम बघितला, हीटर असेल तर थोडेच ओहम दाखवतो, सेन्सरप्रमाणे तीन-चारपासून पंधरापर्यंत काहीही असू शकतो, आणि सिग्नलच्या पिना थंड सेन्सरला ओपन, म्हणजे मधे जोडणीच नाही असं, दाखवतात. हीटरच्या पिनांत पण ओपन आला तर हीटर जळलाय, मग पुढच्या सेन्सरसाठी पी०१३५ आणि मागच्यासाठी पी०१४१ असे कोड येतात. माझे दोन्ही हीटर चांगले निघाले.

मग हार्नेसच्या बाजूने, किल्ली ऑन करून. बऱ्याच गाड्यांत हीटरच्या एका पिनला रिलेतून बारा व्होल्ट येतो आणि दुसरी पिन ईसीयू ग्राउंडला सोडतो, त्यामुळे बारा व्होल्ट सापडला की हीटरची जोडी कळते. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय तो येत नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच फ्यूज शोधत बसाल. प्रोब त्यांनी पिनच्या तोंडात घुसवला नाही, मागून सीलच्या कडेने बारीक पिन सरकवली. मी मुद्दाम बघत होते. फीमेल टर्मिनलमध्ये जाड प्रोब घातला की त्याचं तोंड पसरतं, नंतर कनेक्टर बसतो, लॉक पण लागतो, फक्त कॉन्टॅक्ट सैल राहतो, आणि जिथे सिग्नल एक व्होल्टपण नाही तिथे सैल कॉन्टॅक्ट म्हणजे रोजचा नवा कोड. आमच्याकडे यासाठी पीस रिजेक्ट करतो आम्ही.

एवढं झाल्यावर स्कॅनर. त्यांचा स्कॅनर काही भारी नाही, जुना टॅब आहे, पण त्यांना ग्राफ वाचता येतो. इंजिन गरम होऊ दिलं, सेन्सर १ (ईसीयूच्या हिशोबाने पुढचा) आणि सेन्सर २ (मागचा) दोघांचे व्होल्टेज एकाखाली एक लावले. चांगल्या गाडीत पुढचा सतत ०.१ ते ०.९ खाली-वर करतो आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो कारण मधलं कॅटकॉन ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं, त्यात ते हेलकावे मुरून जातात. माझ्या गाडीत स्क्रीनवरचा सेन्सर १ आळशासारखा हळूहळू वर जाऊन हळूहळू खाली येत होता आणि सेन्सर २ जोरात उड्या मारत होता. आता हे बघून कोणीही म्हणेल पुढचा सेन्सर स्लो आणि कॅटकॉन रिकामं, आणि ईसीयूने पण तेच म्हटलं, पी०१३३ आणि पी०४२०. मग चाचांनी ॲक्सिलरेटरला एकदम झटका दिला आणि सोडला आणि मला म्हणाले कोण आधी उठतो ते बघा. सेन्सर २ ची रेष आधी वर गेली, सेन्सर १ ची मागून. "धूर आधी कोणाला भेटतो? पुढच्याला. मग मागच्याला आधी कसं कळलं?" बस. एवढ्या एका गोष्टीत सगळं आलं. धूर काही मागून पुढे येत नाही.

पण त्यावर पण ते थांबले नाहीत, खात्री करायला इंजिन चालू असतानाच पिवळ्या ठिपक्याचा, म्हणजे मॅनिफोल्डमधून येणारा खरा पुढचा सेन्सर सोडवला. स्क्रीनवर कोणाची रेष सपाट झाली? सेन्सर २ ची. म्हणजे पुढच्या सेन्सरची वायर ईसीयूच्या मागच्या सेन्सरच्या लाईनला लागली होती आणि मागच्याची पुढे. क्लचच्या कामात दोन कनेक्टर सोडवले आणि परत लावताना अदलाबदल. ईसीयू बिचारा कॅटकॉननंतरच्या सेन्सरवर बघून पेट्रोल देत होता, जिथे बातमी उशिराच पोचते, म्हणून तो एका बाजूला फार पुढे जायचा मग दुसऱ्या बाजूला, म्हणून ते आयडल हलणं, तो वास, ते ॲव्हरेज.

कनेक्टर अदलाबदल करून लावले, क्लिक आवाज आला का ते बघितलं, लाल रंगाचं सेकंडरी लॉक असतं ते आत ढकललं, जे क्लचवाल्यांनी एकाचं तसंच बाहेर ठेवलं होतं, आणि वायरी ब्रॅकेटच्या मूळ क्लिपमध्ये बसवल्या. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, सेन्सरची वायर मॅनिफोल्डपासून लांब राहावी म्हणून त्या क्लिप असतात, आणि वायरची लांबी पण कंपनीने त्याच रस्त्यासाठी ठेवलेली असते, म्हणून कनेक्टर ओळखायचा अजून एक मार्ग म्हणजे वायर ताणून बसतेय का ते बघणं, ताणली जात असेल तर बहुतेक ती तिथली नाही. कोड क्लिअर केले, पोराने आणि मी द्वारकावरून फ्लायओव्हरने आडगावकडे चक्कर मारली, पोरगा स्कॅनर धरून बाजूला. पुढचा खाली-वर, मागचा शांत. कॅटकॉन चांगलंच होतं. सेन्सर पण चांगलेच होते. एक पण पार्ट बदलला नाही.

नंतर पीयूसीवाल्याकडे पण टेस्ट करून घेतली, कारण बीएस४ पेट्रोलला हाय आयडलला, म्हणजे उभ्या गाडीला थोडी रेस देऊन, सीओ (कार्बन मोनॉक्साईड) ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो, तिथे मिक्श्चर गडबडलेलं असेल तर लपत नाही. आरामात पास. ॲव्हरेज परत पंधराच्या वर आलंय, पूर्वीइतकं नाही पण ई२० धरून मला पटतंय.

पैसे. ओळखायचे आणि तपासायचे त्यांनी सातशे घेतले आणि जोडायचे काहीच नाही. मी उभी होते तेवढ्यात एक दादा याच्यावरून वाद घालत होते की काय केलं तुम्ही, दोन प्लग काढून लावले, सातशे कसले. मला हे ऐकून वाईट वाटलं. आपल्याकडे पार्टचे पाच हजार द्यायला कोणी कुरकुर करत नाही कारण हातात डबा मिळतो, पण पार्ट लागणार नाही हे शोधून काढणाऱ्याला पाचशे द्यायला जड जातात. मग मेकॅनिकने काय करावं? तो पार्टच विकणार ना. जो माणूस तपासायचे पैसे वेगळे घेतो त्याला तुमचा चांगला सेन्सर खराब आहे म्हणायची गरजच पडत नाही, आणि मी तर म्हणते अजून वाढवले तरी चालतील.

तिथे दुसरी गाडी उभी होती, मोठी व्ही६, तिच्यावरून त्यांनी बँकचा प्रकार समजावला, तो पण लिहिते कारण यात भरपूर गोंधळ होतो. व्ही इंजिनला सिलिंडरच्या दोन ओळी असतात, दोघींचे पुढचे-मागचे मिळून चार सेन्सर. बँक १ म्हणजे ज्या ओळीत एक नंबरचा सिलिंडर आहे ती. ड्रायव्हरची बाजू नाही, डावी-उजवी नाही, एक नंबर सिलिंडर कुठे आहे ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. इंजिन आडवं बसवलेलं असेल तर एक बँक रेडिएटरकडे आणि एक फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) येते. दोन बँकांच्या पुढच्या सेन्सरचे कनेक्टर उलटे लागले की फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा, बघायचा, एका बँकचा प्लसमध्ये पळत सुटतो आणि दुसऱ्याचा मायनसमध्ये, कारण ईसीयू एका ओळीत पेट्रोल वाढवतो आणि त्याचा परिणाम त्याला दुसऱ्या ओळीत दिसतो, मग तो अजून वाढवतो. आपल्या साध्या चार सिलिंडर इनलाईन गाडीत सहसा बँक १ च असते, त्यामुळे कोणी बँक २ चा सेन्सर गेलाय म्हणून सांगितलं तर तिथेच थांबवा आणि विचारा की तो आहे कुठे.

दुकानात जुन्या हार्नेसचे कापलेले कनेक्टर वायरसकट असतात, पिगटेल म्हणतात तसे, भिंतीवर टांगलेले, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. तुमचा कनेक्टर वितळला असेल किंवा उंदराने कुरतडला असेल, जे नाशिकला पार्किंगमध्ये नेहमीचं झालंय, तर फक्त कनेक्टर बदलून मिळतो. जोड ते क्रिंप करून देतात, वर हीट श्रिंक. सेन्सरच्या बाजूच्या वायरीला सोल्डर करत नाहीत आणि ते बरोबर आहे, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरच्या तारांमधल्या फटीतून आत जाते, सोल्डरने ती वाट बंद होते. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस भरायचं नाही, स्प्रे मारायचा नाही. इंजिनवर आणि एक्झॉस्टच्या आसपास चुकीचं सिलिकॉन लावणं पण सेन्सरला मारतं. चाचांना हे कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाले करून करून. मला ट्रेनिंगमध्ये पीपीटीवर शिकवलं होतं.

आता न आवडलेल्या गोष्टी पण सांगते. थांबावं लागतं, फार थांबावं लागतं, फोनवर वेळ देत नाहीत, आलात तर नंबर लागेल. सिंहस्थाच्या कामांनी द्वारकाकडे ट्रॅफिकचा जीव जातो आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही, बसायला एक बाकडं, बायकांसाठी म्हणाल तर टॉयलेटची सोय शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात, कंपनीच्या गाडीचं क्लेम करायचं असेल तर चालणार नाही. आणि सेन्सर बदलायचा असेल तर तो मला वाटतं दुसरीकडेच बदला, कारण त्यांच्याकडे टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) नाही, हाताच्या अंदाजाने आवळतात, आणि सेन्सरचा आटा एम१८ चा असतो, बहुतेक गाड्यांत चाळीस-पन्नास न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा, जास्त झालं की पुढच्या वेळी आटा घेऊन बाहेर येतो. खाच असलेला बावीसचा सॉकेट मात्र त्यांच्याकडे आहे.

अजून एक मर्यादा. आता नव्या बीएस६ गाड्यांत, एप्रिल २०२० नंतरच्या, बऱ्याच ठिकाणी पुढचा सेन्सर वाईडबँड येतो, पाच वायरीचा आणि कनेक्टर सहा पिनचा, बॉशचा एलएसयू ४.९ वगैरे. त्याला ०.१ ते ०.९ चा हिशोब लागूच होत नाही, तो करंटवर चालतो, आणि त्याच्या कनेक्टरच्या आतच कॅलिब्रेशनची रेझिस्टन्स बसवलेली असते, म्हणून तो कनेक्टर कापून दुसरा लावायचाच नाही, सेन्सर आणि कनेक्टर ही एकच वस्तू समजायची. माझ्या ऑफिसमधल्या एकीची तशी गाडी आहे, ती घेऊन गेली तर चाचांनी पिना मोजल्या आणि सांगितलं की याचा डेटा माझ्या स्कॅनरवर नीट येत नाही, उगाच पैसे घेणार नाही, सर्व्हिस सेंटरला दाखवा. मला यामुळे त्यांच्याबद्दल अजून खात्री वाटली. एक मात्र आहे की त्या गाड्यांत पुढचा सहा पिन आणि मागचा चार पिन असल्यामुळे उलटा लागायचा प्रश्नच मिटतो.

जाणार असाल तर गाडीवर आधी काय काम झालंय ते नीट आठवून जा, क्लच, इंजिन माउंट, सायलेन्सर, अपघाताचं काम, काहीही, आणि आधीच्या स्कॅनचा फोटो असेल तर न्या. कोड क्लिअर करून जाऊ नका, तो पुरावा असतो. गाडी गरम झालेलीच न्यायची, थंड सेन्सरवर ग्राफ दिसायला वेळ जातो आणि तुमचाच वेळ जातो. आणि ज्यांच्या गाडीचा क्लच आता व्हायचाय त्यांनी गॅरेजला देण्याआधी बोनेट उघडून त्या दोन कनेक्टरचा फोटो काढून ठेवा, जमलं तर एकाला रंगाचा ठिपका द्या, नेलपेंट पण चालतं, मी आता बहिणीच्या गाडीला तेच लावून दिलंय.

दुकान सकाळी दहाच्या आसपास उघडतं, शुक्रवारी दुपारी बंद असतं, रविवारी पोरगा असतो पण तपासायचं काम चाचा असतानाच करून घ्या. यूपीआय चालतं.